सोमवारचा पाऊस

पर्जन्यमापकाची बाटली सकाळी साडेआठला उघडायची असते. आठला नाही, नऊला नाही. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत पडलेलं पाणी मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि आकडा आजच्या तारखेसमोर लिहायचा. चार महिने, रोज, छत्री उलटी होत असतानासुद्धा.

मी बाटली उघडत नाही. उघडणाऱ्यांच्या वह्यांतून आलेले आकडे तपासतो. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात हे काम नाजूक आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि शंभर किलोमीटरच्या आत शिरोळला पाचशेच्या आसपास. एखाद्या केंद्राचा आकडा खरा की खोटा हे शेजारच्या केंद्रांवरून ताडायचं असतं, आणि इथं कुठला शेजारी धरायचा हे कळायलाच काही वर्षं जातात.

मे महिन्यात पंचगंगेकाठच्या एका गावात पूर आराखड्याची बैठक होती. देवळाच्या सभागृहात दीड-दोनशे माणूस. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे तिथल्या पोराटोरांनाही पाठ. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा निम्मं गाव नातेवाइकांकडे, निम्मं शाळेत. दोन वर्षांनी पुन्हा तेच.

माझ्या आधी बोललेल्या अधिकाऱ्यांनी दहा मिनिटांत आटोपलं. म्हणाले, हा सगळा हवामान बदलाचा परिणाम आहे, निसर्गापुढं कुणाचं काय चालतंय. आणि खाली बसले. मागून आवाज आला, "मग हायवेला भराव घातला, त्योबी हवामानानंच घातला काय?" पाठोपाठ दुसरा, "आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ मीटरवरनं ५२४ वर न्यायची म्हंत्यात, ती?"

मला त्या अधिकाऱ्यांचा राग आला आणि अजून गेलेला नाही. परदेशात हवामान बदल नाकारणारे असतात, त्यांच्यामागे कोळसा-तेलाचे पैसे असतात, हे आपण वाचतो. आमच्याकडचा संशय तसा नाही. इथल्या माणसानं हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो जबाबदारी झटकणाऱ्याच्या तोंडून. त्याला वाटतं, हे नुकसानभरपाई न देण्याचं नवं कारण आहे. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

माझी पाळी आली. हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, इथून सुरुवात केली. अरबी समुद्र तापतोय. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या, हे पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. हेही सांगितलं की पडणाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा आणि ते जायच्या वाटेचा हिशेब वेगळा. पाऊस वाढला म्हणून भराव निर्दोष ठरत नाही, उलट जास्त दोषी ठरतो. इथं माना हलल्या.

मग गावच्याच मापकाचा तक्ता लावला. त्यात एक दिवस मी लाल केला होता. २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलं की हवामान खातं त्याला अत्यंत जोरदार पाऊस म्हणतं, आणि या केंद्रावर तसा तो एकच दिवस होता. जुलैतला.

पुढच्या रांगेतले निवृत्त गुरुजी चष्मा सारखा करत उठले. "सर, खाली बारीक अक्षरात 'दुरुस्त आकडे' असं लिहिलंय. दुरुस्त म्हणजे काय केलंत?"

हा प्रश्न मला आवडतो. मापक आधी शाळेच्या आवारात होता, जांभळाखाली. नियम असा की कुठलाही अडथळा मापकापासून स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. लावला तेव्हा जांभूळ लहान होतं. ते वाढत गेलं तसा पाऊस पानांवर अडकत गेला आणि कागदावर गावचा पाऊस दरवर्षी थोडा थोडा घटत गेला. शेजारच्या तीन केंद्रांत तशी घट नव्हती. मापक ग्रामपंचायतीच्या मोकळ्या अंगणात आणल्यावर एका वर्षात आकडे उसळले. पाऊस वाढला नव्हता, जागा बदलली होती. शेजाऱ्यांशी ताडून झाडाखालची वर्षं सावरायला मला दीड महिना लागला.

गुरुजींचं समाधान झालं नाही. २००९ मध्ये इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांचे ईमेल फुटले होते, त्यांनीही आकडे फिरवले होते म्हणतात, असं ते म्हणाले. ईस्ट अँग्लिया विद्यापीठाची ती गोष्ट. मी सांगितलं, एकाहून जास्त चौकश्या झाल्या, आकडे बनवल्याचं कुठंच सिद्ध झालं नाही. माहिती मोकळेपणानं दिली नाही हा ठपका मात्र बसला, आणि तो योग्य होता. आणि दुरुस्तीचं म्हणाल तर, पूर्वी जहाजावरून कॅनव्हासच्या बादलीनं समुद्राचं पाणी वर काढून तापमान घेत, ओढेपर्यंत ते बाष्पीभवनानं थंड होई. ती चूक दुरुस्त केली की जुना समुद्र कागदावर थोडा उबदार होतो आणि शतकाची एकूण तापमानवाढ कमी दिसते. वाढवून दाखवायचं असतं तर शास्त्रज्ञांनी ही दुरुस्ती केलीच नसती.

गुरुजी बसत होते तेवढ्यात मागच्या खांबाला टेकलेले एक म्हातारे बोलले. "साहेब, त्यो तांबडा दिवस एका दिवसाचा न्हाई. सोमवारचा पाऊस हाय त्यो."

ते गावचे जुने कोतवाल. सगळे त्यांना तात्या म्हणतात. मापक वीसेक वर्षं त्यांच्याकडं होता. "शनवारी बहीण वारली. मी तिच्या गावाला. सोमवारी येऊन बघतो तर बाटली भरून भाईरच्या डब्यात पाणी आलतं. म्या तेबी मोजलं, सांडलं न्हाई. पर त्यो तीन दिसांचा व्हता."

सभागृह गप्प. ती बाटली चार लिटरची, मापकाचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटरचं. दोनशे मिलिमीटरला ती भरते आणि वरचं पाणी डब्यात जातं. हे मला माहीत होतं. शनिवार-रविवारच्या रकान्यांत शून्य होतं आणि त्याच दोन दिवशी शेजारची तिन्ही केंद्रं बदाबदा पावसात होती, हेही माझ्याच संगणकात होतं. झाडाखालची वीस वर्षं चाळणाऱ्या मला ते दिसलं नाही. मोठा दिवस मला हवा होता, म्हणून तो आला तेव्हा मी त्याला काही विचारलं नाही.

मी माइकवरून सांगितलं की तात्या बरोबर आहेत, हा दिवस मी मागे घेतो. लगेच एक तरुण म्हणाला, "म्हणजे सगळंच खोटं?" मी म्हटलं, तिप्पट झाल्याचा निष्कर्ष या एका बाटलीवर उभा नाही, तो त्या अख्ख्या पट्ट्यातल्या केंद्रांवर उभा आहे, पण या गावाला मी या गावचा पुरावा म्हणून जो दिवस दाखवला, तो चुकीचा होता. त्याला ते कितपत पटलं, ठाऊक नाही. अधिकारी तोवर निघून गेले होते. गाडीपर्यंत गुरुजी सोबत आले, काही बोलले नाहीत, फक्त पाठीवर हात ठेवला.

पुढच्या रविवारी मी तात्यांकडे गेलो. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून स्वतःच्या वह्या काढल्या. सरकारी नोंदवहीत फक्त आकडा जातो. यांच्या वहीत आकड्याशेजारी शेराही. 'नळीत पानं अडकली.' 'पोरांनी बाटली पाडली.' पावसाचं नक्षत्र प्रत्येक पानावर वर लिहिलेलं. २०२१ च्या जुलैतला पूर 'म्हातारा' या मथळ्याखाली होता, म्हणजे पुष्य. इतक्या वर्षांत या वह्या कुणीही मागितल्या नव्हत्या. मीसुद्धा नाही.

२०१९ चा ऑगस्ट आला. आसळका, म्हणजे आश्लेषा नक्षत्र. आमच्या फायलीत त्या आठवड्यातल्या काही दिवसांना शून्य होतं. तात्यांच्या वहीत रकाने कोरे.

"इथं काय झालं, तात्या?"

"मापकच पाण्याखाली व्हता, साहेब. काय ओतायचं?"

वरच्या कुठल्यातरी टेबलावर कोऱ्या जागेचं शून्य झालं होतं. गावाच्या आठवणीतल्या सगळ्यांत मोठ्या पुराच्या दिवसांत, कागदावर गावात थेंबही पडला नव्हता.

शेजारच्या केंद्रांवरून त्या दिवसांचा अंदाज मला काढता येतो. पद्धत आहे, आणि ती मान्यही आहे. मी तसं बोलून दाखवलं. तात्या बराच वेळ वहीकडं बघत राहिले. म्हणाले, "मोजलं न्हाई त्ये न्हाई. कोरंच ऱ्हाऊ द्या."

अंदाज मी काढला, पण वेगळ्या फायलीत ठेवला. मूळ तक्त्यातली शून्यं काढली आहेत. तिथं आता शेरा आहे, तात्यांच्या शब्दांत: मापक पाण्याखाली.