काऊबॉयची पहिली फजिती

वेस्टर्न, म्हणजे काऊबॉयचे अमेरिकन पिक्चर, म्हटलं की घोडा, पिस्तूल आणि कमी बोलणारा हिरो, पण या हिरोची टर उडवायला लोकांनी किती लवकर सुरुवात केली बघा. काऊबॉयच्या मुलुखातलं ॲरिझोना अमेरिकेचं राज्य झालं १९१२ मध्ये, आणि त्याच्या आधीच, १९११ ला, एसने या सिनेमा कंपनीने मूकपटांत 'अल्कली आइक' नावाचा बावळट काऊबॉय पडद्यावर आणला होता! बुटका ऑगस्टस कार्नी ते काम करायचा, एका पिक्चरमध्ये मोटार दाखवून पोरीवर इम्प्रेशन मारायला जातो आणि ती मोटारच त्याला नाचवते. म्हणजे ज्यांची नक्कल चाललीय ते खरे काऊबॉय अजून जिवंत, कामावर, आणि इकडे त्यांच्यावर हसणं चालू. मला यातच खरी गंमत वाटते.

माझा फेव्हरेट मात्र मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनचा 'द फ्रोझन नॉर्थ', १९२२ चा. चहूकडे बर्फ, आणि हा चक्क सबवेच्या, म्हणजे शहरातल्या भुयारी रेल्वेच्या, जिन्यातून वर येतो, कारण वगैरे काही नाही. मग घरात शिरतो, बायको परक्याच्या मिठीत दिसते, डोळ्यांतून टपोरे अश्रू, दोघांनाही गोळ्या घालतो आणि मग लक्षात येतं की अरे हे आपलं घरच नाही, बायकोही आपली नाही. ते अश्रू म्हणजे विल्यम एस. हार्टला मारलेला टोमणा, हार्ट वेस्टर्नचा एकदम सिरियस हिरो, आणि त्याला हे चांगलंच झोंबलं होतं म्हणतात.

सगळंच गोड नाहीये. 'आउट वेस्ट' (१९१८) मध्ये रॉस्को आर्बकल हा दुसरा विनोदी नट आणि कीटन धमाल करतात, पण एका काळ्या माणसाच्या पायाशी गोळ्या झाडून त्याला नाचवायचा सीन आहे, तो आज बघवत नाही.

आता हे पिक्चर दुर्मिळ का, तर तेव्हा पिक्चर नायट्रेट नावाच्या ज्वालाग्राही फिल्मवर असायचे, ती पेटायची नाहीतर सडायची. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अभ्यासात मोठ्या लांबीच्या अमेरिकन मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ रूपात उरलेत असं निघालं, एक-दोन रिळांच्या कॉमेडीची कोण पर्वा करतोय! २०१० मध्ये न्यूझीलंडमध्ये पंच्याहत्तरेक अमेरिकन मूकपट सापडले, तसं काही झालं की जीव हरखतो.

बघायचे असतील तर स्पीड नीट असलेली प्रिंट शोधा, काही प्रिंटमध्ये माणसं उगाच टुणटुण उड्या मारतात आणि वरचं पियानोचं म्युझिक डोकं उठवतं, ते सरळ म्यूट करा.