गादी माळ्यावर गेली

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी संध्याकाळी ३६ फूट. इशाऱ्याच्या पातळीला अजून ३ फूट बाकी, धोक्याची ४३ त्याच्याही पुढं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे बंदच आहेत. तरी नदीकाठच्या सुतारवाड्यातल्या मावशींची गादी आजच माळ्यावर गेली. सुतळीनं आवळलेली, खाली दोन फळ्या, वर मेणकापड. एवढ्यात कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, "पाण्याचं काय न्हाई वो, ते येतंय आन् जातंय. गादी वाळत न्हाई."

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

कारण त्या म्हणाल्या ते अक्षरशः खरं आहे. कापसाची गादी भिजली की दोघांना उचलत नाही. वरची खोळ उन्हात दोन दिवसांत कोरडी लागते, आत मात्र ओल तशीच. श्रावणात तर तासभर ऊन आणि लगेच सर. चार दिवसांत आंबूस वास सुटतो, मग काळी बुरशी. खोळ उसवून कापूस पत्र्यावर पसरला तरी पुराचा गाळ तंतूंत बसलेला असतो, आणि असा कापूस पिंजून मिळत नाही. साध्या पावसानं भिजलेली गादी वाचते, पुरानं भिजलेली टाकावीच लागते. पूर ओसरल्यावर गल्लीच्या तोंडाशी गाद्यांचा ढीग लागतो तो यामुळंच.

आणि गादीला पाणी सहा तास लागलं काय नि साठ तास लागलं काय, फरक शून्य. २०१९ च्या नियमात मात्र घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तरच कपड्या-भांड्यांची मदत होती. तेव्हा याच दोन दिवसांवरून केवढा संताप उसळला होता. पंचनाम्यात भिंत दिसते, पत्रा दिसतो. कापूस कोण मोजणार? रोजगार बुडाला तो वेगळाच. पावसात गवंड्याच्या हाताखाली काम नाही, हमाली अर्धी. ते जाऊ दे.

पाणी चढतं त्यापेक्षा उतरताना जास्त छळतं, हे बाहेरच्यांना समजावता येत नाही. नरसोबाच्या वाडीला कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही, फुगवटा मागं येतो. इकडं पाऊस थांबून ऊन पडलं तरी बंधाऱ्यावरचा आकडा इंच-इंच करत खाली येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५५ फुटांच्या वर गेलेलं पाणी असंच अंत बघत बसलं होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

मावशींच्या घरातला क्रम बघण्यासारखा आहे. कागदपत्रं आधी: रेशनकार्ड, आधार, पासबुक, लाइटबिल, दोन पिशव्यांत, एकीत एक, गाठ खालच्या बाजूला. ही माळ्यावर ठेवायची नाहीत, अंगावर न्यायची. धान्य पोत्यातून झाकणाच्या पिंपात. पोतं विटेवर ठेवलं तरी खालून ओल ओढतं. पिंप वाशाला बांधायचं, नाहीतर पाण्यावर तरंगून कलंडतं. गॅसचंही तसंच. भरलेली टाकी साधारण ३० किलोची, पण पोट ३३ लिटरचं, म्हणून भरलेलीसुद्धा तरंगते. रेग्युलेटर काढून, टोपण लावून, खिडकीच्या गजाला साखळीनं बांधायची. मेन स्विच उंबऱ्याला पाणी लागायच्या आत बंद, आणि नंतर वायरमननं बोर्ड उघडून बघितल्याशिवाय चालू नाही, कारण भिंतीतल्या पाइपात पाणी साचून राहतं. मग पूर ओसरेपर्यंत मुक्काम चित्रदुर्ग मठात.

परत आल्यावरची घाई तर याहून मोठी. गाळ काढायचा तो पाणी घोट्याएवढं असतानाच. खराट्यानं ढवळत राहायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर बाहेर ढकलायचा. एक ऊन लागलं की तो सिमेंटसारखा धरतो, मग खोरं आणि पाठ दोन्ही मोडतात. पायात गमबूट हवेत. गाळात काच असते, पत्रा असतो, जखमेतून लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू शिरतात. मातीच्या भिंती बहुतेक वेळा पाण्यात असताना नाही, पाणी उतरल्यावर पडतात. पाया भिजून मऊ झालेला असतो आणि दोन्ही बाजूंनी असलेला पाण्याचा आधार गेलेला. म्हणून पहिल्या रात्री आत झोपायचं नाही, घर कितीही ओढत असलं तरी.

हे सगळं लिहिताना तीच खंत पुन्हा वर येते. हे ज्ञान आहे, खरं ज्ञान, आणि प्रत्येक ओळीमागं गेलेली एक वस्तू आहे. पिंप बांधायचं कळलं कारण एक पिंप गेलं होतं. गादी आधी न्यायची हे कळायला किती गाद्या गेल्या असतील? आणि आपण बाहेरून म्हणतो, सरावलेली माणसं आहेत, जिद्दीची आहेत. जिद्द आहेच, ती मी डोळ्यांनी बघतो. पण सराव झाल्यानं गादीची किंमत कमी होत नाही. मावशींच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला तेच सहन होईना. त्यांनी चिडावं असं मला वाटत होतं. का वाटावं? चिडून गादी माळ्यावर जात नाही.

मघाशी आपल्या गावाच्या नशिबालाच बोल लावत बसलो होतो. आता वाटतं, नदी काठावर आहे आणि माणसं काठावरच राहणार, कारण काम तिथून जवळ आहे आणि दुसरीकडचं भाडं परवडत नाही. तेव्हा जे वाचवता येतं ते वाचवायचं, आणि वेळेत.

राहिलं शिलाई मशीन. पूर गेल्यावर पहिला पैसा त्याच्यावरच येतो, ब्लाउजला दोन दिवसांत गिऱ्हाईक असतं. लोखंडी पाय पाण्यात राहिले तर चालतात, पुसून रॉकेलनं घासले की झालं. टेबलाची फळी फुगते, तीही नंतर तासून घेता येते. मशीनचं डोकं मात्र माळ्यावर गेलं पाहिजे. मागच्या दोन बिजागऱ्यांचे स्क्रू सैल केले की ते सुटं होतं आणि एकट्या बाईला उचलतं. मावशींचे स्क्रू गंजलेत. आज रात्रीच त्यांना तेल सोडून ठेवायला सांगितलंय. स्क्रू ऐन वेळी हलला नाही तर अख्खं टेबल उचलावं लागतं, आणि तेवढी माणसं त्या घरात नाहीत.