आमची वाटचाल : मुरलेली टाकी

दांडिया बाजारात दुकान काढलं २००७ साली, दोघांच्या भागीदारीत. गप्पी, गोल्डफिश, काचेच्या हंड्या. मधली वर्षं बरी गेली. भागीदारी तुटली ती अ‍ॅक्सोलॉटलवरून, म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणाऱ्या, बेडकाच्या दूरच्या भाऊबंदावरून.

हे जनावर मूळचं मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोचं. पाणी हवं १६ ते १८ अंशांचं, आणि आमच्या बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार. म्हणजे पाणी थंड ठेवणारा चिलर आलाच. पण खरी गोम टाकी मुरवण्यात आहे, म्हणजे जनावराच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू आधीच वाढवण्यात. रिकाम्या टाकीत अमोनिया घालून तो २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन) आणायचा आणि वाट बघायची. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. घातलेला अमोनिया चोवीस तासांत जिरला, नायट्राइटही शून्य आलं, की टाकी मुरली. चार ते आठ आठवडे जातात. माझ्या टेस्ट किटमधल्या एका नळीच्या तोंडाचा टवका उडालाय, तरी बदलली नाही. अमोनियाची नळी पिवळी आणि नायट्राइटची आकाशी, म्हणजे दोन्ही शून्य, दिसल्याशिवाय मी बिल फाडत नाही.

भागीदार म्हणाला, "गिऱ्हाईक दोन महिने थांबतं होय? टाकी नि जनावर एकाच संध्याकाळी देऊन टाकू." मी नाही म्हटलं. त्याने चार दुकानं सोडून स्वतःचं थाटलं आणि जाताना माझी गिऱ्हाइकांची वहीही नेली. परत मागितली नाही मी, पण विसरलोही नाही.

ऑगस्ट २०२४. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. दुकानात पाणी शिरलं नाही, पण तीन दिवस वीज नव्हती. कॅनिस्टर फिल्टर बंद, आतले जिवाणू गुदमरून मेले. वीज आली तेव्हा सगळ्या टाक्यांत अमोनियाची नळी हिरवीगार. चार अ‍ॅक्सोलॉटल गेले. बाजारात बोललं गेलं की माझ्याकडे रोग आहे. कोण बोललं ते मला ठाऊक आहे.

राजमहाल रोडच्या एक काकू माझं पहिलं अ‍ॅक्सोलॉटलचं गिऱ्हाईक. २०२१ मध्ये त्यांना मी माझ्या टाकीतला मुरलेला स्पंज दिला होता, विरजण देतात तसा. त्यांच्याकडे इन्व्हर्टर, म्हणून त्यांचे जिवाणू जगले. त्या तोच स्पंज डब्यात, टाकीच्याच पाण्यात बुडवून घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमचंच आहे, घ्या." दहा-बारा दिवसांत टाक्या ताळ्यावर आल्या.

सांगून ठेवतो, स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. आणि तळाला खडी नको, जनावर गिळतं. अशा परदेशी जनावरांची सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणीही करा.

आता त्या जुन्या भागीदाराच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाटलीत पाणी भरून माझ्याकडे तपासायला आणतात. तपासून देतो. तीस रुपये घेतो.