'फिरला' या एका शब्दापायी

इंग्लंडमधल्या एका जुन्या खटल्याचं निकालपत्र मराठीत आणायचं होतं. आरोपीच्या बहिणीला ते स्वतः वाचायचं होतं. वकिलांनी सोबत दुसऱ्या कुणीतरी केलेला मसुदा पाठवला आणि म्हणाले, "नुसती नजर टाका." बाराव्या पानावर मी अडले. 'दुसऱ्या आरोपीने राणीची साक्ष फिरवली.'

मूळ वाक्य काढलं. 'टर्न्ड क्वीन्स एव्हिडन्स.' माझ्या पोटात गोळाच आला. आपल्याकडे साक्ष फिरवणं म्हणजे आधीचा जबाब नाकारणं, फितूर होणं. इंग्रजीत अर्थ नेमका उलटा. आरोपींपैकीच एक जण सरकार पक्षाला मिळाला आणि साथीदारांविरुद्ध साक्षीला उभा राहिला. राणी आली ती तिथले फौजदारी खटले राजसत्तेच्या नावाने चालतात म्हणून. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ वारल्या, तेव्हापासून 'किंग्ज एव्हिडन्स' झालं. अमेरिकेत 'स्टेट्स एव्हिडन्स' म्हणतात.

'माफीचा साक्षीदार' हा आपला शब्द हाताशी होताच. लिहिला आणि खोडला. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३०६ मी कितीदा तरी हाताळलं आहे. तिथे सगळं खरंखरं सांगण्याच्या अटीवर माफी मिळायची. या माणसाला माफी नव्हतीच. त्याने गुन्हा कबूल केला होता आणि शिक्षाही झाली होती, फक्त कमी. इंग्लंडच्या २००५ च्या एका कायद्यात तशी सोय होती. मग त्याला माफीचा साक्षीदार म्हणणं खोटंच ठरलं असतं. शेवटी लिहिलं, 'दुसऱ्या आरोपीने गुन्हा कबूल करून सरकार पक्षातर्फे साक्ष दिली.' वाक्य लांबलं, लांबू दे.

वकिलांना कळवलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. जुना मसुदा बहिणीच्या हाती आधीच गेला होता.

रात्री तिचा फोन आला. "ताई, साक्षीदार फिरला होता ना? मग भाऊ दोषी कसा ठरला?"

मी नवं वाक्य सावकाश वाचून दाखवलं. मग 'फिरला' शब्द तिथे कसा शिरला तेही सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"म्हणजे तो माझ्या भावाविरुद्धच बोलला," ती म्हणाली. "काय बोलला, ते कितव्या पानावर आहे?"

"एकोणिसाव्या," मी म्हणाले आणि माझ्यासमोरचंही पान उलटलं.