देवळालीचा ताप

परवा दुपारी बुटात लेस ओवत बसलो होतो. लेसचं टोक उसवून त्याचा पार झाडू झालेला. थुंकी लावून पीळ दिला, टोक काढलं, तरी भोकाशी आलं की पुन्हा फुलायचं. कॉलेजात जाणारी भाची समोरून मजा बघत होती. म्हणाली, "मामा, तुझं ॲग्लेट तुटलंय." मी आधी गुडघ्याला हात लावून बघितला. तर लेसच्या टोकाला जी प्लॅस्टिकची टोपी असते ना, तिचं हे नाव. पन्नास वर्षं बूट घालतोय, त्या टोपीला नाव असेल असं कधी मनात आलं नव्हतं. नाव कळलं, लेस काही आत गेली नाही.

मला मात्र एकदम नाना दिसले.

नाना म्हणजे आत्याचे यजमान. देवळाली कॅम्पात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून. मे महिन्यात आम्हा सगळ्या पोरांची रवानगी आत्याकडे व्हायची आणि दुपारची जेवणं आटोपली की नाना वीरकर डिक्शनरी आणि शिवाय कुठल्याशा साहेबाकडून आलेला एक जाडजूड विलायती कोश घेऊन ओटीवर बसायचे. दहा शब्द, स्पेलिंगसकट. त्याशिवाय आंबा नाही. शब्दही असे निवडायचे की जन्मात कुणाशी बोलताना लागू नयेत. डिफेनेस्ट्रेशन, म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणे. १६१८ साली प्रागच्या किल्ल्यात दोन सरदार आणि त्यांचा चिटणीस असे तिघांना खिडकीतून फेकलं, तिघेही जगले, पण त्यातून तीस वर्षांची लढाई पेटली, हे नाना घोरपड्यांच्या वाड्यातली भानगड सांगावी तसं सांगायचे. त्याच दुपारी आम्ही मधल्या खोलीच्या खिडकीतून तीन उश्या आणि धाकट्या भावाचा एक बूट फेकला. आत्या अंगणात वाळवण राखत होती. तिच्या कुरडयांवर पहिली उशी पडली तशी ती "बाप रे!" म्हणून ओरडली. नाना आतूनच म्हणाले, "बॉबरी! लिहून घ्या रे. गलका, दंगा. आपल्या बाप रे वरनंच साहेबानं उचललाय." कुरडयांचं पुढे काय झालं ते आठवत नाही. आंबा मिळाला नाही, एवढं नक्की.

कोशात आहे म्हणजे आहेच, असा नानांचा बाणा. वेब्स्टरच्या १९३४च्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' नावाचा शब्द छापला होता, अर्थ घनता. मुळात ती चिठ्ठी होती, 'D or d', म्हणजे कॅपिटल डी किंवा छोटा डी हे घनतेचं चिन्ह आहे एवढंच सांगणारी. कुणीतरी ती अक्षरं जोडून वाचली आणि शब्द जन्माला आला. पाच वर्षांनी, १९३९ साली कुणाच्या तरी लक्षात आलं. हे मला नाना गेल्यावर समजलं, ते एक बरं झालं.

आणखी एक शब्दही नाना गेल्यावरच सापडला, आणि तो त्यांना सांगता आला नाही याची चुटपुट आहे. डूलॅली. अर्थ, डोकं फिरलेला. उच्चार ऐकून मला कुणीतरी डुलतंय असंच वाटायचं. निघाला देवळाली! नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी परतण्याआधी देवळालीच्या छावणीत येऊन थांबत. पण सैनिकांना नेणारी जहाजं थंडीच्या महिन्यांतच सुटायची. अवेळी मुदत संपली की उन्हाळा, पावसाळा तिथेच काढायचा. काम नाही, दारू आहे, हिवताप आहे. काहींची डोकी फिरायची. त्याला नाव पडलं 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. बिचाऱ्या नानांनी तीस वर्षं देवळालीत बसून प्रागच्या खिडक्या उघडल्या.

आत्याला सांगितलं तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "बरोबरच आहे. शहाणी असते तर ह्यांच्याशी संसार केला असता का?"

तेव्हापासून आमच्या घरात कुणी विसराळूपणा केला की "देवळाली झाली" म्हणायची पद्धत पडली. आत्याच जास्त म्हणायची. साखरेच्या डब्यात मीठ भरलं, देवळाली. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, देवळाली.

मग ती पुण्याला आमच्याकडे राहायला आली. शेवटची दोन वर्षं. तेव्हा ते कुणी म्हणेनासं झालं. डॉक्टरांनी कागदावर एक इंग्रजी शब्द लिहून दिला होता, त्याचं स्पेलिंग मला येत होतं. रोज दुपारी चारच्या सुमारास आत्या दोन लुगडी, फणी आणि नानांचा फोटो चादरीत बांधायची आणि दाराशी स्टुलावर येऊन बसायची. "गाडी लागली का रे? देवळालीला जायचंय." आधी मी समजावत असे, की घर विकलं, तिथे आता कुणी नाही. आठवड्याभरात सोडून दिलं.

"लेट आहे गं आत्या. तोवर चहा घेऊ."

"किती लेट?"

"तासभर असेल."

"मग टाक," म्हणायची. बोचकं मात्र मांडीवरून खाली ठेवायची नाही.