मास्टच्या खोबणीतलं पाणी

जुलैचा तिसरा आठवडा. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय आणि माझी जुनी लेझर, म्हणजे एकट्यानं चालवायची शर्यतीची शिडाची होडी (या वर्गाचं आताचं नाव इल्का), गॅरेजमध्ये दोन टायरांवर पालथी पडली आहे. ऑक्टोबरनंतर मुंबई बंदरात सीझन सुरू झाला की तिच्यावरून पहिली रेस करायची आहे.

सुरुवात वजनकाट्यापासून केली. या वर्गाच्या नुसत्या हलचं, म्हणजे होडीच्या धडाचं, वजन ५९ किलोच्या आसपास असतं. माझी भरली ६६. मागचा बूच काढला तर जेमतेम दीड लिटर पाणी आलं. बाकीचं आतल्या फोमनं पिऊन ठेवलं होतं. आत येतंय कुठून?

मास्ट, म्हणजे डोलकाठी, ज्यात उभी राहते ती डेकमधली खोबणी पाण्यानं काठोकाठ भरली आणि पेन्सिलीनं खूण केली. पंधरा मिनिटांत पाणी दोन बोटं उतरलं. जुनी लेझर घेणाऱ्या प्रत्येकानं पैसे देण्याआधी ही परीक्षा करावीच. या होडीच्या मास्टला बाजूनं ताणाच्या तारा नसतात. शिडाचा सगळा जोर डेकवरच्या कड्यावर आणि खोबणीच्या तळावर येतो. मास्टच्या बुडाशी वाळूचे कण अडकले, की प्रत्येक टॅकला, म्हणजे वाऱ्यासमोरून होडी वळवताना, मास्ट फिरतो आणि ते कण पॉलिशपेपरसारखे तळ घासत राहतात. तळाचा जोड सुटला, तर भर वाऱ्यात मास्ट डेक फाडून बाहेर येऊ शकतो. म्हणून रंग, चकाकी हे सगळं मी मागे ठेवलं.

कोळीवाड्यात फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या काकांना फोटो दाखवले. त्यांचं एकच म्हणणं, "आधी सुकव पोरी, मग चिकटव." खोबणीशेजारी डेकला गोल भोक पाडून तपासणीचं झाकण बसवलं. नियमांत याला परवानगी आहे, फक्त झाकण आट्यांचं आणि पाणी न शिरणारं हवं. त्या भोकातून नऊ दिवस टेबलफॅन आणि रात्री बल्ब. वजन ६१.५ वर आलं. त्याहून खाली उतरेना, तेव्हा थांबले.

मग जुना सुटलेला थर घासून काढला, अॅसिटोननं पुसला, सिलिका घालून दाट केलेलं इपॉक्सी भरलं आणि वरून काचकापडाच्या तीन पट्ट्या. पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते. पुढचा थर देण्याआधी ती साध्या पाण्यानं घासून धुवा, नाहीतर थर धरत नाही. माझी दुसरी पट्टी याच कारणानं सोलून निघाली आणि एक रविवार गेला.

काल रात्री खोबणी पुन्हा भरली. सकाळी पाणी खुणेवर जसंच्या तसं! मी हातातला चहा तसाच ठेवून तिथेच बसून राहिले.

डेक आणि हलच्या जोडावर साबणाचं पाणी लावून हलकी हवा भरली, तर नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, उजवीकडे बुडबुडे आले. छोटं काम आहे. रडरच्या (सुकाणूच्या) पिना सैल आहेत, त्या बदलायच्या. माझं वजन ५८ किलो, म्हणून ५.७६ चौरस मीटरचंच शीड लावणार, आणि सरावाला जुनंच. खोबणीच्या तळाशी झीज रोखणारी पातळ चकती आणली आहे. ती बसवली की होडी सुलटी करायची आणि मास्ट उभा करून बघायचा.