आजींचं वावर

मे महिन्यातली गोष्ट. अमळनेरच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात दोघे भाऊ आईला घेऊन आले. बक्षीसपत्राचा मसुदा टाइप करूनच आणला होता. सोबत डॉक्टरचा एका ओळीचा दाखला: 'मानसिकदृष्ट्या सक्षम'. डॉक्टरने काय विचारलं, पेशंट काय बोलला, हे असल्या दाखल्यांत कधीच नसतं. मला त्याचा संताप येतो.

म्हातारं माणूस सहीला आलं की मुलांना मी आधी बाहेर पाठवतो. खुर्ची दाराकडे पाठ करून मांडतो, कारण दारात पोरगा दिसला की उत्तर बदलतं. सवाल-जवाब त्यांच्याच बोलीत उतरवून घेतो, वर तारीख आणि वेळ.

आजींना वार सांगता आला नाही. सालही नाही. मी मनात फुली मारलीच होती. मग वावराबद्दल विचारलं, तशा त्या सावरून बसल्या. पूर्वेला नाला, दक्षिणेला भाऊबंद, विहिरीत चार आणे हिस्सा, सालदाराला यंदा किती ठरले. मसुद्यात चतुःसीमा चुकली होती, ती त्यांच्याच बोलण्यावरून कळली. "आखाजीले आंडेर उनी नही," म्हणाल्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेक आली नाही, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

1872 च्या करार कायद्याचं कलम 12 एवढंच बघतं, की करार करताना माणसाला तो समजतो का आणि त्यात आपलं हित-अहित ठरवता येतं का. आजींना ते येत होतं. मी फरक सांगितला: बक्षीसपत्राने वावर आजच जाईल, मृत्युपत्र केलं तर हयातीत तुमचंच, शिवाय कधीही बदलता येईल. त्या लगेच म्हणाल्या, "मी शे तोवर मना नाववर राहू दे."

मुलांना आत बोलावून तेच सांगितलं. थोरला म्हणाला, "वकीलसाहेब, 200 रुपयांच्या मुद्रांकात काम होतंय, तुम्ही हे कुठून काढलं?" मुलांच्या नावे बक्षीस द्यायला ही सवलत आहे, आणि तिच्यामुळे घाई फार वाढली आहे. मी नकार दिला. आजींना उठवून ते गेले.

महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा उतारा, काढली, तर त्यात तोच गट नंबर दिसला. बक्षीसपत्र नोंदलेलं, आजींचा अंगठा. नक्कल मागवून वाचली. सांभाळ करण्याची अट कुठेच नाही.

ही अट घालणं माझ्या हातात होतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत न सांभाळल्यास परत मिळू शकते. अट नसेल तर कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. जानेवारी 2025 मध्ये हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचा, असंही सांगितलं; पण त्या प्रकरणात सांभाळ करण्याचा उल्लेख कागदावर होता. मी नाही म्हटलं नसतं, अट घालून दस्त केला असता, तर आजींच्या हातात काहीतरी राहिलं असतं. आणि केला असता, तर त्यांनी तोंडाने जे सांगितलं त्याच्या उलट मी लिहिलं असतं.

या कायद्याखाली प्रांतांपुढे अर्ज आजींनीच करायचा, किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने. त्यांच्याकडे फोन नाही. त्या दिवशीची टिपणं फायलीत आहेत, वेळ सकाळी 11:20. परवा ती पुन्हा काढली. फायलीवर 'पक्षकार' म्हणून थोरल्या मुलाचं नाव आहे, माझ्याच अक्षरात.